बोलून लागणारे दिवे

आमच्या घरात बोलून लागणारे दिवे आणायचं ठरलं ते बायकोला लकवा मारल्यावर. त्याआधी असं काही असतं हे मला जाहिरातीतून ठाऊक होतं, तेवढंच. बेंबळीत आमचं कापडाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. मुलगा पुण्याला आणि मुलगी हैदराबादला गेल्यावर दुकान हळूहळू बंदच केलं. पुढच्या खोलीतल्या गाद्या मात्र तशाच होत्या. मी तिथं पेपर वाचत बसायचो आणि आत ती तिच्या कामात असायची.

एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप सुटला. तिला वाटलं, कप ओला होता. दुसरा उचलला, तोही सुटला. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं. सोलापूरला नेलं. तिथलं मला फार आठवत नाही. स्टीलची बाकडी आठवतात, आणि मुलीचा हात माझ्या पाठीवर होता ते आठवतं. हात आहे हे कळत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं. लोक विचारायचे, जेवलात का. मी व्हय म्हणायचो. जेवलो होतो की नाही, कोण जाणे.

घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय उचलत नव्हता आणि बोलणं बंद होतं. बोलणं येईल, घाई करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते आलं. पण आलं ते कानडीत.

ती सीमेपलीकडची, कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूची. लग्न होऊन आली तेव्हा मराठीतले चारच शब्द तिला येत होते. माझ्या आईला कानडी यायची, त्यामुळं सासू-सुनेचं भागायचं. आई गेल्यावर घरातली कानडी संपली. पोरं मराठीत वाढली, मी कानडी ऐकून समजायचो पण बोलायचो नाही, आणि दुकानात गिऱ्हाइकाशी ती इतकी छान मराठी बोलायची की तिचं माहेर कुठलं हे सांगावं लागायचं. आता त्यातलं काहीच उरलं नव्हतं. मला ती 'अहो' म्हणायची, आता 'री' म्हणू लागली. तिकडं नवऱ्याला तशीच हाक मारतात. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन भाषा असल्या की कधी कधी आधीची आधी येते. दुसरी मागून येईल, नाहीतर नाही यायची. मी बरं म्हणून फोन ठेवला.

मुलानं मग घराचं मनावर घेतलं. आईला पडल्या जागी दिवा, पंखा लावता आला पाहिजे, नुसतं सांगितलं की लागला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. शिवाय पुण्यात बसून त्याला घर दिसायला हवं होतं. मुलीलाही हेच हवं होतं, पण तिच्या घरी दुसऱ्या कंपनीचं होतं आणि तेच बरं, असं तिचं मत. मला वाटलं, दोघांनी थोडं थोडं आणावं. मुलानं समजावलं की तसं करण्यात अर्थ नाही. एका कंपनीचा बोललेलं ऐकणारा डबा घेतला की दिवे, पंखा, कॅमेरा सगळं त्याच्याशी पटणारं घ्यायचं. सरमिसळ केली तरी चालते म्हणतात, पण बिघडलं की कुणाकडं बघायचं? एकदा घेतलं की त्याच घरात नांदायचं.

"सोयरिकीसारखं," मी म्हणालो. तो हसला. मी हसवायला म्हणालो नव्हतो.

मग रोज संध्याकाळी दोघांचे फोन यायचे. तो सांगायचा, ताईची कंपनी सगळी माहिती गोळा करते. ती सांगायची, त्याच्या डब्याला नेट गेलं की काहीच सुचत नाही, आणि बेंबळीत नेट तर रोजच जातं. मी दोघांनाही बरं म्हणायचो. एकदा मुलगी वैतागून म्हणाली, "अप्पा, तुम्ही नुसतं बरं म्हणू नका." त्यावरही माझ्या तोंडून 'बरं'च निघालं.

शेवटी दोघंही एकाच शनिवारी आले, आपापला डबा घेऊन. आधी वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड उघडून सांगितलं की जुनं काम आहे, बटणापर्यंत न्यूट्रलची वायर आलेलीच नाही. नवी बटणं बसवायची तर भिंती फोडाव्या लागतील. आजारी माणसाच्या घरात भिंती कुठं फोडता? मग नुसते बल्ब बदलायचे ठरलं.

दुपारी दोन्ही डबे तिच्या पलंगापाशी ठेवले. मुलाच्या डब्याला हिंदी-इंग्रजी कळत होतं. कानडी नव्हती. मुलीच्या डब्यातही नव्हती, पण तिच्या फोनमध्ये होती. तिनं फोन आईच्या तोंडाशी धरला.

"आई, दिवा लावायला सांग याला."

"लैट हच्च," ती म्हणाली. मला नीट कळलं. फोननं काहीतरी भलतंच लिहिलं. तिची कानडी गावाकडची, त्यात जीभ जड. मुलीनं हळू बोलायला सांगितलं. ती हळू बोलली. फोननं पुन्हा भलतंच लिहिलं. मुलीनं जोरात बोलायला सांगितलं तेव्हा तिनं डाव्या हातानं फोन बाजूला सारला.

"साक," म्हणाली. पुरे. आणि भिंतीकडं तोंड केलं.

पोरं पुढच्या खोलीत जाऊन बसली. मुलगी रडत होती. मुलगा खाली मान घालून डब्याची वायर गुंडाळत होता. मीही त्यांच्याजवळ गादीवर बसलो होतो. आपल्यालाही रडू यायला पाहिजे, हे मला समजत होतं. समोर मुलीची चप्पल उलटी पडली होती. ती मी सरळ केली.

"तुम्हीच ठरवा आता," मुलगा म्हणाला.

मी विचारलं, न बोलता चालणारं काही आहे का. होतं. दोघांच्याही कंपनीत हाताच्या पंजाएवढं बटण मिळत होतं. वायर नाही, कुठंही ठेवा, दाबलं की दिवा. मोरीकडं जायच्या बोळात माणूस आला की आपोआप लागणारा दिवाही मिळत होता. मुलाच्या कंपनीचं बटण नेट नसताना चालतं का ते मी त्याला करून दाखवायला लावलं. त्याच्याकडं एक बटण होतं. नेट बंद करून दाबलं, दिवा लागला. तो महिन्यातून एकदा येतो, बिघडलं तर बघू शकेल, म्हणून मी त्याचं घ्या म्हणालो. मुलीनं आपला डबा पिशवीत ठेवला.

कॅमेऱ्याचं राहिलं होतं. मुलाला तो आईच्या पलंगासमोर हवा होता. मी आत गेलो. काय म्हणायचं ते आधी मनात जुळवलं, कारण कानडीत तिला मी असं कधी काही विचारलं नव्हतं.

"इल्ली कॅमेरा बेकेनु?" इथं हवा का, असं विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ब्याड," ती म्हणाली.

बाहेर येऊन मी सांगितलं, तिला नको आहे. कॅमेरा दारावर बसला.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून घोटाळा झाला. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायची मला जन्माची सवय. ते बंद केलं की नव्या बल्बला वीजच मिळत नाही, मग हातातलं बटण कितीही दाबा. दिवेलागणीला मी दूध आणायला गेलो होतो. आलो तर ती अंधारात पलंगावर बसलेली, मांडीवर बटण, आणि बोट चालूच. टक, टक, टक. मी भिंतीवरचं बटण चालू केलं. दिवा लागला. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. मग भिंतीवरच्या सगळ्या बटणांवर मी चिकटपट्टी लावली.

मुलीनं काही दिवस या विषयावर बोलणं टाळलं. नंतर तिनं विचारलं, बटण आईच्या हाताला जमतं ना. जमतं, म्हणालो. मग पूर्वीसारखे फोन सुरू झाले.

उन्हाळा लागता लागता एका दुपारी वरणाचा घास घेऊन ती थांबली आणि म्हणाली, "अळणी हाय."

मराठीत. मी ताटलीकडं बघत राहिलो. तिला काही वेगळं झाल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही. मी संध्याकाळी दोघांना फोन करून सांगितलं. मुलगी 'खरंच' म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मुलगा म्हणाला, आता डब्याशी बोलून बघायचं का? मी म्हणालो, राहू दे सध्या. मला आनंद झाला, असं दोघांनाही सांगितलं. झालाही असेल.

दुपारी तिनं अळणी म्हटल्यावर मी वरणात मीठ घातलं, ते जरा जास्तच पडलं होतं. तिनं ते तसंच खाल्लं होतं.