विरोधक मिळेना

बिरगिट लुंडमार्क उत्तर स्वीडनमधल्या एका विद्यापीठात दोनशे शहाऐंशी विद्यार्थ्यांचे पदवीचे प्रकल्प सांभाळायची. त्यातल्या एकालाही तिने समोरासमोर पाहिलेलं नव्हतं. सगळा कारभार संगणकावर. प्रत्येक नावापुढे एक चौकोन. काम वेळेवर असलं की हिरवा, बुडालं की लाल. पडदा हिरवा दिसला की वरची मंडळी खूश. बिरगिटचा त्या हिरव्यावर काडीचा भरवसा नव्हता. मार्गदर्शक 'भेट झाली' यावर टिचकी मारून मोकळे होतात, हे एकोणीस वर्षांत ती पुरतं ओळखून होती.

तिथे प्रत्येकाचा प्रकल्प दुसऱ्या एका विद्यार्थ्याने वाचायचा आणि सगळ्यांदेखत त्यावर प्रश्न विचारायचे. त्याला विरोधक म्हणतात. प्रकल्प कितीही चांगला असो, विरोधक नसेल तर पास नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी तुवाचा निरोप आला. तुवा आर्येप्लोग या लांबच्या गावची, घरी बसून परिचारिकेचं शिक्षण घेणारी. गुरुवारी तिची तोंडी परीक्षा, आणि लिनुस नावाच्या तिच्या विरोधकाची साधी पोचही नव्हती. गावच्या दवाखान्यातली जागा तिच्यासाठी जूनअखेरच्या मिडसमर सणापर्यंतच राखून ठेवली होती. ही संधी हुकली तर पुढची ऑगस्टअखेर, आणि तोवर जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

बिरगिटने पाहिलं, तर लिनुसचा चौकोन हिरवागार. त्याला पाच पत्रं गेली होती, सगळी गोडगोड: गडबडीत असशील, सवडीने कळव. फोन मात्र कुणीच केला नव्हता. आधी विचारल्याशिवाय फोन करणं म्हणजे त्या लोकांत जेवत्या माणसाच्या घरात घुसण्यासारखं. बिरगिटने सरळ नंबर लावला. दुसऱ्याच घंटेला त्याने उचलला.

"मी मार्चमध्येच सोडलं. खाणीत लागलोय," लिनुस म्हणाला.

"मग कळवायचं नाही होय?"

"सगळे सवडीने कळव म्हणत होते. सवड आहे कुणाला इथे?"

बिरगिट विभागप्रमुख स्टेलानकडे गेली. यंत्रणा तुवाला ऑगस्टमध्ये बसवेल, दोनशे शहाऐंशीत एखादं असं व्हायचंच, असं त्याचं म्हणणं.

"मग तूच फोन कर तिला," बिरगिट म्हणाली. "सांग, बाई, तू आमच्या टक्केवारीतून गळलीस."

स्टेलान कॉफी ढवळत राहिला. फोन करणाऱ्यांतला तो नव्हता.

बिरगिटने अकरा विद्यार्थ्यांना विचारलं. कुणी उन्हाळी कामाला लागलेले, कुणी बोटीवर. बुधवारी सकाळी तिने नियम पुन्हा वाचला. विरोधक त्याच विभागाचा नोंदणी असलेला विद्यार्थी हवा, एवढंच त्यात होतं. वयाचा उल्लेख नव्हता. बिरगिटने कधीकाळी त्याच विभागात सगळ्या परीक्षा दिल्या होत्या आणि शेवटचा प्रकल्प तेवढा राहून गेला होता. त्या देशात असे अर्धवट प्रकल्पवाले गल्लोगल्ली सापडतात. तिने स्वतःच्याच फेरनोंदणीचा अर्ज भरला आणि कॉफीच्या वेळी स्टेलानपुढे सरकवला.

"हे नियमात बसतं?" त्याने विचारलं.

"नियम तूच लिहिलायस."

त्याने सही केली.

त्या दुपारी तिने तुवाची एक्केचाळीस पानं वाचून काढली. विषय होता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं. गुरुवारी पडद्यावर सात चेहरे जमले. तुवाची नोकरी अडकलीय म्हणून बिरगिटने हात सैल सोडला नाही.

"तू नऊ जणांशी बोललीस, नऊही तुझ्याच गावचे," ती म्हणाली. "गोळी चुकवली, हे ओळखीच्या पोरीला कोण खरं सांगेल?"

तुवाने समोरची पानं बाजूला सारली.

"तिघं खोटं बोलले," तुवा म्हणाली. "मला माहीत होतं, त्यांच्या गोळ्यांचा डबा मीच भरते. ते लिहायची लाज वाटली. माझी नाही, त्यांची."

"नावं न घेता तेच लिही."

परीक्षकाने मान डोलावली. ते पान पाचच्या आत आलं तर पास, नाहीतर नाही.

पाचला दहा कमी असताना दीड पान आलं. परीक्षकाने ते वाचलं आणि शेरा नोंदवला. बिरगिटने लगेच आर्येप्लोगला फोन लावला.

"झालं?" तुवाने विचारलं.

"झालं. दवाखान्याला कळव. आणि पत्र नको धाडूस, फोन कर."