हिरड्याच्या पाण्यातली जमुना

अठ्ठावन्न साली मी अकोल्यात एका बांधकाम कचेरीत नकाशे गिरवणारा ट्रेसर होतो. नकाशांचे निळे छाप काढायचं काम मोतीरामभाऊंकडे होतं. नकाशा मसाला लावलेल्या कागदावर ठेवायचा, वर काच दाबून गच्चीवर उन्हात धरायचा, मग कागद पाण्यात धुवायचा. साहेब लोक सावलीत बसून सह्या ठोकत आणि भाऊ उन्हात रापत. सोळा वर्षांपूर्वी त्यांची बायको जमुना वारली. दोन वर्षांच्या विमलला तिच्या सुभद्रामावशीनं अचलपूरला नेलं, आणि जुन्या शहरातल्या खोलीत भाऊ एकटे उरले. एकटेपणाची सवय होते म्हणतात. भाऊंना काही झाली नव्हती. मधल्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी उगाच रेंगाळत आणि मी कामाचं निमित्त काढून त्यांना वाटेला लावी. आज त्याची लाज वाटते.

विमलचं लग्न ठरलं. तिनं वडिलांना कार्ड टाकलं: आईचा चेहरा मले आठवत नाही, अक्षता पडायच्या आधी तिच्या फोटोच्या पाया पडाचं आहे. भाऊंकडे फोटो कुठला! होती ती फक्त जुन्या फोटोची निगेटिव्ह काच, धोतरात गुंडाळलेली. तिच्यावरून त्यांनी कचेरीच्याच कागदावर छाप काढून पाठवला. मावशीनं तो परत धाडला. मंगलकार्यात असं निळं तोंड मांडाचं नाही, इख पेल्यावानी दिसते, म्हणे.

"काच स्टुडिओत द्या ना," मी म्हणालो.

"अन् फुटली तं? नाही बाबू. एकच हाये."

कचेरीतल्या एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समननं उपाय सांगितला. कपडे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात छाप टाकून निळा रंग उडवायचा, स्वच्छ धुवायचा, मग हिरड्याच्या काढ्यात बुडवायचा. चित्र तपकिरी होऊन परत वर येतं. भाऊंनी आधी परत आलेल्या छापावरच हात चालवला. तो काढ्यात जास्त वेळ राहिला आणि सगळा कागद पिवळा पडला. दुसऱ्यातला सोडा नीट धुतला गेला नाही, जमुनाबाईंच्या तोंडावर चट्टे उठले. तिसरा घरामागच्या विहिरीवर धुतला. तिथलं पाणी इतकं खारं की निळा छाप सोड्यात जायच्या आधीच फिका पडला. दर सोमवारी भाऊ आदल्या दिवशी घरी बिघडलेला कागद मला आणून दाखवत. चौथा छाप काढून होतो न होतो तोच उन्हानं तापलेल्या निगेटिव्हच्या काचेवर त्यांचा ओला हात पडला आणि ती मधोमध तडकली.

आता तो एकच कागद. लग्नाला आठ दिवस. या वेळी भाऊंनी नळाचं गोड पाणी भरून आणलं. चेहरा सुरेख उतरला, फक्त डाव्या गालावर एक काळा ठिपका. बादली लोखंडी होती, तिच्या गंजाचा कण काढ्यात पडला असणार. हिरडा आणि लोखंड भेटले की शाई होते, हे आमच्या आज्यांना घरोघर ठाऊक होतं. भाऊंना पाण्याचीच एवढी धास्ती की बादलीकडे कोण बघतो! खोडायला जावं तर कागदाचं साल निघालं असतं. ते तसाच घेऊन गेले.

लग्नाहून परतल्यावर ते पुन्हा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मी या वेळी खुर्ची पुढे केली.

"पोरगी लय वेळ पाहत बसली," ते म्हणाले. "मंग म्हणे, बाबा, आईच्या गालावर तीळ होता? मले कोणीच सांगतलं नाही. अन् आरशात सोताचा गाल पाहाले लागली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या तोंड उघडाच्या आधी सुभद्राच म्हणाली, होता ना. सख्खी बहीण हाये ते जमुनाची." भाऊंनी हातांनी तोंड पुसलं. "पोरीसाठी म्हणाली का तिले खरंच तसं आठवते, इचाराची हिंमत नाही झाली. नव्हता, बाबू. पक्कं नव्हता. पण आता डोळे मिटले का मलेबी तिळासकटच दिसते. सोळा वर्सं एकट्यानं सांभाळलेली जमुना म्या कुठी हरवली?"