शेठची बत्ती

लग्न होऊन मी गावाकडून मिलच्या वस्तीत, पांडेसऱ्याला आले, तेव्हा आमच्या चाळीत वीज नव्हती. चाळ मिलच्या शेठचीच, आणि आमचे हे त्याच मिलमध्ये कपडा रंगवायच्या खात्यात. संध्याकाळ झाली की पत्र्याच्या खोलीत रॉकेलचा धूर कोंडायचा.

एका वर्षी होळी झाल्यावर मिलची माणसं शिड्या घेऊन आली. घाईघाईने पत्र्यांना भोकं पाडून त्यांनी प्रत्येक खोलीवर उन्हावर चालणारी काचेची प्लेट बसवली. आत बॅटरी आणि एक लहान ट्यूब. बॅटरी नि प्लेट शेठची, आम्ही फक्त भाडं द्यायचं, तेही पगारातून परस्पर कापलं जाणार. यांनी बटण दाबलं आणि मी आमच्या गावाकडच्या बोलीत ओरडलेच, "आपला घरमा बत्ती उनी!"

त्या उजेडावर मी साड्यांना खडे चिकटवायचं काम धरलं. दिवसभर स्वयंपाक, पाणी, पोरं. संध्याकाळी दोन तास सुईसारखी नजर लावून बसायचे. माझ्या हातात पहिल्यांदा माझी कमाई आली.

दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी गेली. चाळीतल्या सगळ्यांच्याच एकामागून एक गेल्या. पावसाळ्यात पत्र्याच्या त्या भोकांतून पाणी गळू लागलं. भाडं मात्र कापलं जातच होतं. तेव्हा हे मिलच्या महेताजींकडे, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या मुनिमाकडे गेले. बॅटरी बदलून द्या, नाहीतर प्लेट काढून न्या, म्हणाले.

महेताजी हसून गुजरातीत म्हणाले, "अरे भाई, ए प्लेटे एनुं काम मार्चमां ज करी नाख्युं."

म्हणजे प्लेटनं तिचं काम मार्चमध्येच केलं होतं. मार्चअखेर हिशेबाचं वर्ष संपायच्या आत असलं सामान बसवलं की त्याची सगळी किंमत शेठला त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा करता येत होती, कर वाचत होता. ती छपरावर चढली तेव्हाच शेठचं काम झालं होतं. आमच्या घरातला उजेड त्या हिशेबात कुठेच नव्हता.

मग एके दिवशी सकाळी नव्या कोऱ्या बॅटऱ्या आल्या. दुपारी दिल्लीकडचे सरकारी साहेब चाळ बघायला येणार होते. मला चांगली साडी नेसायला सांगितलं आणि हातात खड्यांची साडी देऊन ट्यूबखाली बसवलं. फोटो काढला. साहेबांनी विचारलं, "खुश हो?" आमच्या यांनी मागून मान हलवली, म्हणून मीही "हां" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी माणसं बॅटऱ्या परत न्यायला आली. शेजारणींनी मुकाट्यानं दिल्या. बॅटरी माझी म्हणत मी तिच्यावर बसले.

"ही बत्ती मनी शे. भाडं आम्ही भरतो. नेऊन दाखवा."

बाईमाणसाला हात कोण लावणार? ती माणसं दारातच घुटमळली. शेवटी एकजण मिलमध्ये जाऊन यांनाच घेऊन आला. यांचे हात कोपरापर्यंत निळे होते. ते माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "ऊठ. मनी नोकरी जाई."

मी उठले नाही. तेव्हा त्यांनी माझा दंड धरून मला उचललं, चाळीतल्या सगळ्या बायांसमोर. दंडावर निळी बोटं उमटली. रंग पक्का होता, साबणाने घासूनही जाईना.

खड्यांचं काम गेलं ते गेलंच. मी यांना वाढत होते, कपडे धूत होते, पण आपणहून बोलणं टाकलं होतं. त्यांनीही कधी माफी मागितली नाही. काय म्हणून मागतील? नोकरी खरंच गेली असती. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त जळत होतं.

पुढे डिंडोलीत आम्ही स्वतःची खोली घेतली. विजेचा अर्ज भरताना मी एवढंच म्हटलं, "मीटर माझ्या नावावर."

यांनी पेन माझ्यापुढे सरकवला.