मोकळ्या जागेतलं वाक्य

जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, कर्जतच्या कोर्टासमोर टायपिंगचा गाळा चालवणाऱ्या खाली सही करणाऱ्या बाईने पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि कोणतेही नशापाणी न करता एका आईची आणि लेकीची चार वर्षं ताटातूट केली आहे. कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत आणून द्यावी. नंतर आलेली हरकत ऐकून घेतली जाणार नाही.

अशी भाषा मला झोपेतसुद्धा येते. वडील कोर्टाबाहेर अर्ज लिहायचे, त्यांच्यानंतर मी टाइपरायटरवर बसले, मग कॉम्प्युटरवर. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, नावातला बदल, सगळ्याचे नमुने तयार. नावं घालायची आणि प्रिंट काढायची. त्यातलाच एक नमुना फारकतीचा. आमच्याकडे गावात नवराबायकोचं फाटलं की पंच देवळात बसतात, काडी मोडतात, आणि मग दोन जीपगाड्या भरून मंडळी स्टँप पेपर घेऊन माझ्या दारात. नोटरीचा गोल शिक्का उमटला की लोकांच्या लेखी घटस्फोट झाला. तो तसा होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जातं.

तर एका दुपारी असंच एक जोडपं आलं. नवरा मोहोपाड्याच्या कंपनीत कंत्राटावर, बायको कशेळ्याच्या पलीकडची. पाच वर्षांची मुलगी बापाकडे राहणार, असं पंचांनी ठरवलेलं. मी कागद काढला. नवऱ्याच्या चुलत्याने तो उजेडात धरला.

"म्याडम, अर्धा कागूद कोराच हाय की! येवढा स्टँप घेतलाय, भरा ना कायतरी."

असं कोणी म्हटलं की माझ्या अंगात येतं. बोटं मोडली आणि एका दमात ठोकलं : 'लिहून देणारीस सदर मुलीस भेटण्याचा, पाहण्याचा वा तिच्याशी संपर्क ठेवण्याचा हक्क यापुढे राहणार नाही. तसे केल्यास ती कायदेशीर कारवाईस पात्र राहील.' त्यातलं 'पाहण्याचा' केवळ लयीसाठी. दोन शब्द लंगडे वाटत होते, तीन ऐकायला बरे वाटले.

वर मी ते वाचूनही दाखवलं, आवाज चढवून, हात उंचावून. "आता कसं वजन आलं!" चुलता म्हणाला. मंडळी हसली. बायकोने एकेक अक्षर जोडत सही केली आणि ती जीपमध्ये जाऊन बसली.

चार वर्षांनी ती पुन्हा गाळ्यात उभी राहिली. मी ओळखलं नाही. तिने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला.

"ताई, भाड्याचा कागूद अकरा म्हैन्यांचा असतो ना? मंग ह्यो किती वर्सांचा? कदी संपतो?"

"का गं?"

"पोरीला बगायचंय. तापानं दवाखान्यात होती म्हने. मी गेले नाय."

"चार वर्षांत एकदाही भेटली नाहीस?"

"येकदा गेलते शाळेपाशी. पोरी सुटल्या. मंग ध्यानात आलं, बगायचा पन हक्क नाय म्हून लिवलंय. भिताडाकडं तोंड करून उबी राह्यले. नुसता गलका आयकला."

मला बोलायचे पैसे द्यावे लागत नाहीत, गप्प बसायचे द्यावे लागतात, असं माझा नवरा म्हणतो. त्या दिवशी मी फुकट गप्प बसले. मग शटर ओढलं आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला. कोर्टाच्या आवारात विधी सेवेची खोली आहे. बाईमाणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. मी इतकी वर्षं समोर बसून एकाही बाईला तिकडे पाठवलं नव्हतं.

खोलीत एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"हे खालचं कोणी लिहिलं?"

"मी."

"का?"

"जागा उरली होती."

एरवी मी बोलले की लोक हसतात. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, हा घटस्फोट नाही. कायद्याने तुम्ही अजून त्यांची बायको आहात. आणि आईला लेकीपासून तोडायचा अधिकार पंचांना नाही, या टायपिंगवाल्या बाईंना तर नाहीच. ते कोर्ट ठरवतं, मुलीचं भलं बघून."

"म्हंजी पयल्या दिवसापासून जाता आलं असतं?"

"हो."

तिने मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट पाहत होते. तिने प्यायला पाणी मागितलं.

मुलगी राहते तिथल्या, खालापूरच्या कोर्टात तिच्या ताब्यासाठी अर्ज झाला. नोटिसा, तारखा, नवऱ्याची गैरहजेरी, पुन्हा तारखा. प्रत्येक तारखेला वकीलबाई तिच्या शेजारी उभ्या. नवरा एकदाचा आला आणि म्हणाला, "पोरगी हिला वळखत पन नाय. कुनाला देऊ?" ते खरंच होतं. शेवटी हुकूम झाला : ताब्याचं नंतर बघू, तोवर महिन्यातून दोन शनिवार, खालापूरच्या कोर्टात दोन तास भेट. मुलगी आईशी रुळते की नाही, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

पहिल्या शनिवारी मीही गेले, कारण पोलीस दिसला की ती अजून उलट्या पावली परत फिरायची. मुलगी आजीबरोबर आली, बापाच्या आईबरोबर. नऊ वर्षांची, केसांना तेल चोपडलेलं, आजीचा पदर मुठीत. आईने करांद्याचे उकडलेले कंद आणले होते. डबा उघडून पुढे केला.

"खा गं. घरचं हायेत."

"कडू असतात," मुलगी आजीला म्हणाली.

"नाय खात ती असलं," आजीने आईला सांगितलं.

आईने शाळेचं विचारलं, मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. मला दहा विनोद सुचले, ते सगळे गिळले. डब्याचं झाकण उघडंच होतं. दोन तासांतले शेवटचे काही क्षण उरले, शिपायाने दारातून घड्याळाकडे बोट दाखवलं आणि आजी उठली. आई जमिनीकडे बघत तशीच बसून, हात तोंडाशी.

मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली. तिने आईकडे पहिल्यांदाच नीट, टक लावून पाहिलं. मग आजीचा पदर ओढत सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी ओरडली :

"आजी, ही बाई पन माज्यासारखीच नखं खाते!"