ळ वर मात्रा

"काय हो मावशी, तुमचं आडनाव कांबळी आणि मुलीचं कांबळे? बाप दुसरा आहे की काय तिचा?"

मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला होते, त्या वहिनी भरल्या दिवाणखान्यात असं म्हणाल्या. समोर बायका पाटावर आणि सोफ्यावर बसलेल्या. कोपऱ्यात गणपती. माझ्या हातात मोदकांचं ताट. सगळ्या हसल्या. पुण्याच्या, मुंबईच्या, नाशिकच्या. नवरे तेल कंपन्यांत इंजिनीयर. हसताना पदर तोंडाला लावायच्या. तेवढी सभ्यता होती त्यांच्याकडे.

मी ताट खाली ठेवलं.

"बाप एकच आहे," मी म्हटलं. "वारला तो. चूक एजंटची. पासपोर्टच्या कागदावर त्याने इंग्रजीत शेवटी ई च्या जागी आय घातलं. आम्ही कांबळेच. रत्नागिरीकडचे. बौद्धवाडीतले."

हसू तिथेच थांबलं. नाशिकच्या बाईंच्या तोंडात अर्धा मोदक होता. गिळावा की थुंकावा, त्यांना कळेना. अंगावर पैठणी होती, म्हणून गिळला. मग एकजण हात धुवायला उठली. तिच्या मागे दुसरी. थोड्या वेळाने शर्कच्या मॉलमध्ये काय स्वस्त लागलंय, ते बोलणं सुरू झालं.

हे कुवेतमधलं, सालमियाच्या एका फ्लॅटमधलं. कोकणात कांबळी वेगळे आणि कांबळे वेगळे. अरबाला ते कळत नाही, मल्याळी नर्सला कळत नाही, बताका देणाऱ्या साहेबालाही कळत नाही. त्याने पासपोर्ट पाहून त्या ओळखपत्रावर कांबळी छापलं आणि पुढच्याला हाक मारली. वहिनींना मात्र पहिल्या दिवशीच कळलं. माझा बताका हातात घेऊन म्हणाल्या होत्या, "कांबळी का? बरं झालं, आपल्यातल्याच." आणि मला स्वयंपाकघर दाखवलं. मी कोणातली ते त्यांनी मला विचारलं नव्हतं. प्लास्टिकच्या तुकड्यावर वाचलं होतं.

त्याआधी मी एका अरबी म्हातारीकडे होते. ती ओरडायची. पण माझ्या हातचं खाऊन ओरडायची.

वहिनी शिकलेल्या. मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या. बदू अरबांचं, इजिप्शियनांचं, फिलिपिनो पोरींचं, सगळ्यांचं रक्त त्यांच्या हाताखालून जायचं. माझ्या मुलीने मुंबईत एम.एस्सी. केल्याचं ऐकलं तेव्हा त्या खूश झाल्या होत्या. मुलीला परदेशातल्या एका विद्यापीठात पुढचं शिकायचं होतं. जीनोमिक्स आणि आरोग्य, असा विषय. वहिनी म्हणाल्या, "अरे वा मावशी! तिथल्या प्राध्यापिका माझ्याबरोबर होत्या. मी शिफारशीची चिठ्ठी देते. अर्ज आधी मला पाठवायला सांगा, इंग्रजी बघते." मुलीने अर्ज पाठवला. वहिनींनी त्या गणपतीच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर उघडला. अर्जात तिने काय लिहिलं होतं, कुठे किती मार्क मिळाले होते, यातलं काही त्यांना दिसलं नाही. आडनाव दिसलं.

तो विषय काय आहे हे मी मुलीला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, प्रत्येक माणसाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. सगळ्यांचा जवळजवळ सारखाच. कधीकधी त्यातलं एक अक्षर बदलतं आणि माणूस आजारी पडतो. ते अक्षर शोधायचं."

मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. त्या दिवशी दिवाणखान्यात उभं राहिल्यावर कळलं. एक अक्षर बदललं होतं आणि सगळ्या बायका आजारी पडल्या होत्या.

पाहुण्या गेल्या. मी भांडी घासायला आत गेले. कचऱ्याची काळी पिशवी फुगलेली दिसली. उघडली. उरलेले सगळे मोदक आत. नारळ मी खवलेला, उकड मी मळलेली, कळ्या मी काढलेल्या. माझ्या घरी गणपती बसत नाही. त्यांच्याकडे बसतो. मी पगार घेऊन रांधत होते, भक्तीने नाही. तरी अन्न होतं ते. देवापुढचे मोदक मात्र तसेच ठेवले होते. त्याला नैवेद्य आधीच दाखवून झाला होता, आता त्याच्या पोटातून कोण काढणार?

वहिनी आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"ऐका," म्हणाल्या. 'मावशी' गेलं होतं. ते पुन्हा आलं नाही.

"मला स्वतःला यातलं काही नाही हो. मी तर सगळ्यांचं रक्त हाताळते. पण देवाचं सोवळं असतं. आणि इथे आपली माणसं मोजकी, लगेच बोलतात. इतकी वर्षं सगळे तुमच्या हातचं जेवले. आता मी त्यांना काय सांगू?"

"काय सांगायचंय?"

"तुम्हीच सांगा. उद्या विसर्जनाच्या आरतीला सगळ्या येतील. म्हणायचं, मी गोंधळले काल, शाळेत मुलीचं नाव चुकलं होतं, आम्ही कांबळीच. एवढंच. मी आज रात्रीच चिठ्ठी लिहिते."

मी पातेलं घासत राहिले. नळ चालू होता.

"आणि मुलीलाही सांगा, तिकडे जाताना कांबळीच लाव म्हणावं. तिच्याच भल्याचं आहे. एका अक्षराने काय होतं?"

मी नळ बंद केला.

"काही होत नाही ना वहिनी? मग तुम्ही लावा. कांबळे. चांगलं दिसेल तुमच्या लॅबच्या दारावर."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्या तोंडाने इतकी वर्षं माझ्या आमटीचं कौतुक केलं होतं.

"उपकाराची जाण नाही तुम्हा लोकांना," त्या म्हणाल्या. "मुलीचं नुकसान करताय. रक्तातच असतं हे."

"असेल," मी म्हटलं. "ते बघायलाच चाललीये ती."

हात पुसले आणि ते काम सोडून निघाले. फोनकार्ड घेऊन मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. चिठ्ठी मिळणार नाही, हेही सांगितलं. अर्जाची मुदत जवळ आली होती. आता काय करायचं, असं विचारलं.

ती म्हणाली, "तू काय म्हणालीस?"

"नाही म्हटलं."

"मग मला कशाला विचारतेस?"

तिने चिठ्ठीशिवाय अर्ज पाठवला. त्या वर्षी तिला प्रवेश मिळाला नाही. चिठ्ठी असती तर मिळाला असता का, माहीत नाही. मिळालाही असता. मी ते नाकारत नाही. पण त्या चिठ्ठीवर नाव तिचं नसतं. कोणा कांबळीचं असतं. अशी मुलगी मी जन्माला घातलेली नाही. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. कांबळे म्हणून. मिळेपर्यंत करत राहायचं, असं आमचं ठरलं होतं.

मी वकिलातीत खेटे घातले. पासपोर्ट दुरुस्त करून घेतला, मग बताका. खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "अम्मा, इतनी सी बात के लिए?" त्याला म्हटलं, "हां, इतनी सी. लिखो."

मग जलीबला खोली घेतली आणि खानावळ घातली. शुवैखच्या गॅरेजमधले कोकणी वेल्डर, फिटर जेवायला यायचे. पहिल्याच दिवशी एकाने ताटावर बसून विचारलं, "काकी, तुम्ही कांबळी की कांबळे?" दिवसभर ग्रीसमध्ये हात घालून आलेला. शेठकडून शिव्या खाऊन आलेला. त्यालाही ते कळायला हवंच होतं.

"कांबळे," मी म्हटलं. "जेवायचं तर बस. नाहीतर ऊठ, मागे माणसं उभी आहेत."

बसला. उठला असता तरी मी त्याला बोलावलं नसतं.

त्यानंतर मी कोणाला विचारायची वेळ येऊ दिली नाही. नोकरी असो, खोली असो, दवाखाना असो, आधी आडनाव सांगते. मग पुढचं. ज्याला हात धुवायला उठायचंय त्याने तेव्हाच उठावं. माझा आणि अन्नाचा खोळंबा नको.

मी चौथीपर्यंत शिकले. गुरुजींनी लांबून शिकवलं, माझ्या पाटीला हात न लावता. पण मात्रा कुठे द्यायची आणि वेलांटी कुठे, ते तेवढ्यात शिकून होतं.

हे माझ्यावर गुदरलं. कुवेतमध्ये, दुसऱ्यांच्या चुलीपुढे. मी कांबळे. ळ वर मात्रा.