एक कप, तिच्यापुरता

लेकीला कावीळ झालीय, असं मी बिडकीनला माझ्या थोरल्या भावाला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. पोरगी बारावीत, नीटचा क्लास लावलेला, आणि ती अंथरुणातून उठत नव्हती. आंघोळ टाळायची, केसांना हात लावू द्यायची नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन म्हटलं. तो शब्द माहेरी पोचवायची माझी हिंमत नव्हती.

दहावीनंतर मला भाकरी थापायला घरी बसवलं आणि भाऊ कॉलेजात गेला. तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या पोरीला चुलीपुढं बसू द्यायचं नाही. ते मी जरा जास्तच पाळलं. सतराव्या वर्षापर्यंत तिची वेणी मी घातली, दप्तर मी भरलं, ती वाचत असताना घास मी भरवले. बिल्डिंगीतल्या बाया माझं कौतुक करायच्या. मला ते आवडायचं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि छावणीजवळ बसणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडं, म्हणजे रोजची कामं करवून बरं करणाऱ्या मॅडमकडं, पाठवलं. मला वाटलं, काही मशीनबिशीन असेल. तिथं टेबलावर कणीक, बटणं लावायचा शर्ट, साली काढायचं सोलाणं. त्या मॅडमनी लेकीला विचारलं की दिवसभरात तुझं तू काय करतेस. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "काहीच नाही. सगळं आईच करते."

काय करावंसं वाटतं, या प्रश्नावर तिनं चहा सांगितला. रोज एक कप, स्वतःपुरता. तेवढ्यापासून सुरुवात करू, पुढचं पुढं, असं मॅडम म्हणाल्या. मला अट एकच, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. मी भांडले. ज्यातून हिला वाचवलं, तेच तुम्ही हिच्या गळ्यात बांधताय, म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं, अट काही सोडली नाही.

दूध उतू जायचं, वास हॉलपर्यंत यायचा, आणि मी सोफ्यावर पदर मुठीत धरून बसायचे. काही दिवस ती उठायचीच नाही. काही दिवस चहा पिऊन आपली आपण आंघोळीला जायची.

अशात एका रविवारी भाऊ आला. काविळीसाठी उसाची मोळी आणि कुठला तरी वाळलेला पाला घेऊन. तो बसतो न बसतो तोच लेक उठून गॅसपाशी गेली. लायटरचा आवाज ऐकून तो खूश झाला.

"मामाला चहा टाकती का?"

ती दारात आली. "नाही मामा. मी माझ्यापुरता करते."

तो हसला. मग हसू विरलं. "लई भारी वळण लावलं पोरीला. कावीळ डोक्यात गेली का काय?"

मी अर्धी उठले होते. तिच्या हातून पातेलं घ्यायचं, अशक्तपणा आहे म्हणायचं, सगळ्यांना चहा करायचा. आयुष्यभर मी हेच केलंय. ती पातेलं धरून माझ्याकडं बघत होती. मी खाली बसले.

"कावीळ नाय, दादा. मी खोटं बोलले. तिचं मन आजारी आहे. गोळ्या चालू आहेत, आणि हा चहा पण इलाजच आहे."

"चहा करणं इलाज व्हय? मंग आपल्या घरच्या बाया लई ठणठणीत पाहिजे होत्या."

"त्यांना कुणी विचारून करायला लावलं? मला विचारलं होतं?"

तो उसाकडं बघत म्हणाला, "गावात काय सांगू?"

"हेच सांग. तुला जमत नसलं तर मी येऊन सांगते."

लेक कप घेऊन बाहेर आली, मामासमोर बसली आणि सावकाश प्यायली. मी उठले नाही. भाऊ माझ्या घरून बिनचहाचा गेला. पुष्कळ गोष्टी मला रात्रंदिवस टोचतात, ही नाही.

परीक्षा तिनं या वर्षी सोडली. पुढं काय, मला माहीत नाही, आणि विचारणाऱ्यांना मी तसंच सांगते.

पाला फेकून दिला. ऊस खाल्ला. मी कोयता घेऊन तुकडे करायला बसले तर तिनं माझ्यापुढून अख्खं कांडं ओढलं आणि दातांनी सोललं.