कमान खरी की खोटी

आमच्या विभागप्रमुख सरांशी माझं बोलणं तुटलं ते आकाशातल्या एका कमानीवरून.

मी बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणींची निरीक्षणं काही काळाने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली होतात. त्यातलं फुटलेल्या एका ताऱ्याचं चित्र मी घेतलं होतं. चित्र कसलं, काळ्या पडद्यावर विखुरलेले ठिपके. इतक्या लांबून क्ष-किरण मोजकेच पोचतात, आणि त्यांत उपकरणाचे स्वतःचे फालतू ठिपके मिसळलेले. ते काढून चित्र साफ करणारा प्रोग्राम मी दोन उन्हाळे खपून लिहिला. सर मागे उभे राहून "झालं का मॅडम?" एवढंच विचारायचे. मला ते कधीच आवडले नाहीत.

एका दुपारी साफ केलेल्या चित्रात एका कडेला कमान उमटली. सर हरखले. मी म्हटलं, आधी तपासू द्या. मग मी कॉम्प्युटरवर कोरी आकाशं तयार केली, ज्यांत तारा नाही, कमान नाही, नुसते इकडेतिकडे ठिपके. तीही प्रोग्रामला दिली. त्यांतल्या काहींत त्याने कमानी काढल्या.

मी सरांना दाखवलं. "आपली कमान खरी आहे की नाही, एवढ्या ठिपक्यांवरून सांगता येत नाही."

"खोटी आहे, असंही सांगता येत नाही ना?"

"नाही."

"बस, तो फिर," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात कॉलेजात सेमिनार होता. इंदूरहून पाहुणे आले होते. सरांनी पडद्यावर कमान दाखवली आणि नवा शोध म्हणून सांगितली. मी उभी राहिले.

"सर, कोऱ्या आकाशांची चित्रंही दाखवा."

सर पाहुण्यांकडे बघून हसले. "मॅडम सध्या परेशान आहेत. घरी जरा प्रॉब्लेम चालू आहे."

माझा घटस्फोट नुकताच झाला होता. समोरच्या रांगेतल्या बायका खाली बघायला लागल्या.

"घरचं घरी. ही कमान खोटी आहे," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

त्यानंतर लॅबची किल्ली माझ्याकडून काढून घेतली गेली. सकाळी सातची सगळी प्रॅक्टिकल्स माझ्या नावावर लागली. मी तक्रार केली नाही. सरांच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

दोन वर्षांनी त्याच ताऱ्याचं नवं निरीक्षण खुलं झालं. या वेळी दुर्बीण कितीतरी जास्त वेळ तिथे रोखलेली होती. मी सिंधीपुऱ्यात घरी बसून ते उघडलं. साफ करायची गरजच पडली नाही. कमान होती, त्याच जागी. माझ्या मनात पहिला विचार आला तो फाइल पुसून टाकायचा.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ती सरांसमोर ठेवली. चित्र बघून ते म्हणाले,

"मग त्या दिवशी सगळ्यांदेखत मला खोटं पाडलंत, त्याचं काय?"

"'खोटी आहे' म्हणाले, ते चुकलं. 'सांगता येत नाही' एवढंच म्हणायला हवं होतं. पण जुन्या ठिपक्यांवरून तुम्हालाही सांगता येत नव्हतं. आणि माझ्या घराबद्दल जे बोललात, त्याचं तुम्ही बघा."

"इतना ईगो ठीक नहीं, मॅडम."

मला वाटलं होतं, खरं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट त्यांचा चेहरा बघून माझा राग वाढला, कारण त्यांना नुसता मटका लागला होता आणि ते स्वतःला शास्त्रज्ञ समजत होते.

नव्या निरीक्षणावरचा लेख मी एकटीने लिहिला. कोरी आकाशंही त्यात घातली. शोध आपलाच आहे, असा अर्ज सरांनी प्राचार्यांकडे दिला. प्राचार्य मला म्हणाले, दोघांची नावं घाला आणि मिटवा. मी घातली नाहीत. चौकशी चालू आहे. आम्ही अजून एकाच खोलीत, एकाच कूलरसमोर बसतो, आणि त्यांना काही सांगायचं असलं की ते शिपायाकरवी चिठ्ठी पाठवतात.